समाजाची अब्रू एकट्या बाईनंच का राखायची?

प्रिय ताई, सप्रेम जयभीम.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. मालक नगरपरिषदेच्या घंटागाडीवर ठेकेदाराकडं ड्रायव्हर आहेत. मी सोयाबीनच्या, हरभऱ्याच्या रानात मजुरीनं जाते. घर रमाई आवासमधलं, सासूच्या नावावर. पहिल्या वर्षापासून मारतात. प्यायल्यावर जास्त, पण न पिताही मारतात. दिवाळीच्या आधी मनगट मोडलं, दवाखान्यात मी 'पाय घसरून पडले' म्हणून सांगितलं. गेल्या महिन्यात गळा धरला. त्या रात्री ठाण्यात गेले तर हवालदार म्हणाले, 'तुमच्या वस्तीत हे रोजचंच, किती जणींचं लिहायचं?' एनसी लिहून घरी पाठवलं. विहारात बैठक झाली, मालकांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, पंधरा दिवस नीट राहिले. आता जाऊबाई, शेजारी, मंडळाची माणसं म्हणतात, पुन्हा ठाण्यात गेलीस तर समाजाची बदनामी होईल. तो जयंतीचा कार्यकर्ता, स्टेजवर बोलणारा माणूस, गावातले हसतील. आई म्हणते, धाकटीचं लग्न होऊ दे, मग बघू. कुणी म्हणतं ॲट्रॉसिटी लाव. केस करावी की सोसावं, काही कळत नाही. मुलगी शाळेत बोलायची बंद झाली आहे. नाव छापू नका.

— एक बहीण, लातूर जिल्हा

जयभीम, बाई.

गळा धरल्याचं तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस. मी मात्र तिथून पुढं सरकूच शकले नाही, म्हणून आधी त्याचंच बोलू. हात उगारणारा नवरा आणि गळा आवळणारा नवरा यांत मोठा फरक आहे. बायकांच्या खुनाच्या प्रकरणांत आधी कधीतरी गळा आवळल्याचं वारंवार निघतं, आणि बाहेरून मानेवर वळ नसला तरी आतून इजा झालेली असू शकते. तुझा आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, डोळ्यांत लाल ठिपके आले असतील, चक्कर येत असेल, तर महिना झाला म्हणून गप्प बसू नकोस. सरकारी दवाखान्यात जा आणि या वेळी 'नवऱ्यानं गळा दाबला' असं स्पष्ट सांग. डॉक्टरला ते केसपेपरवर लिहायला लाव, एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यातली नोंद, करायला सांग. उपचार नाकारता येत नाहीत. पुन्हा तशी वेळ आली तर घरात समजूत काढत बसायचं नाही. पोरांना घेऊन दाराबाहेर पडायचं आणि 112 ला फोन करायचा. कुणाच्या घरात शिरायचं ते आजच ठरवून ठेव. वस्तीत अशी एखादी म्हातारी असतेच, जिच्या दारात तुझा नवरा आवाज चढवणार नाही.

आता समाजाच्या बदनामीचं.

ज्या मंडळाच्या स्टेजवर तुझा नवरा बोलतो, त्याच्या मागच्या बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो असणार आणि शेजारी बहुतेक रमाईचाही. म्हणून त्यांचंच उदाहरण देते. जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया जमल्या होत्या. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं की लग्न होणाऱ्या प्रत्येक मुलीनं नवऱ्यापुढं त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभं राहावं, त्याची गुलाम व्हायला नकार द्यावा. समाजाची प्रगती मी बायकांच्या प्रगतीवरून मोजतो, हेही त्याच भाषणातलं. आणि त्या परिषदेत बायांनी काय मागितलं? बायकोला काडीमोड घेण्याचा हक्क द्या आणि एकीवर दुसरी करायला बंदी घाला, असे ठराव केले. हिंदू कोड बिल तेव्हा अजून लांब होतं. आपल्या आज्या-पणज्या नवऱ्यांबद्दल उघड्या मांडवात, हजारोंसमोर बोलल्या, ठराव लिहून घेतले. त्यानं समाजाची बेअब्रू झाली असं त्या काळी कुणी म्हटलं असेल तर त्याला कुणी विचारलं नाही. 25 डिसेंबरला भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून तुमच्या तालुक्यात कार्यक्रम होत असेल. त्यात बोलायला तुझ्याच नवऱ्याला बोलावत असतील, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

त्यांच्या म्हणण्यात काही तथ्य नाही, असंही नाही. गावातले हसतील हे खरं आहे. आपल्या माणसाचं काही वाईट निघालं की ते अख्ख्या वस्तीच्या माथी मारायला लोक टपलेले असतात. पाटलाच्या वाड्यात सून मार खाते तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव होतं, जातीचं होत नाही. आपल्या पत्र्याच्या भिंतीतून आवाज शेजारच्या चार घरांत जातो, बंगल्याच्या भिंतीतून जात नाही. हे सगळं मान्य. पण या अन्यायाचं ओझं तुझ्या मनगटानं का उचलायचं? वस्तीची इतकी काळजी असलेल्या मंडळींनी पहिल्यांदा हात उगारणाऱ्याला जाब विचारावा. बदनामी त्याच्या हातानं होते, तू ठाण्यात गेल्यानं नाही.

दुसरं एक कारण तुला ऐकवलं जात असेल: तो बाहेर किती अपमान गिळतो, ठेकेदार पगार दोन-दोन महिने लटकवतो, लोक कचरा टाकताना नाकाला पदर लावतात, मग त्याचा राग कुठंतरी निघणारच. हे खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही अनुसूचित जातींच्या बायांना नवऱ्याकडून होणारी मारहाण सरासरीपेक्षा जास्त दिसते, आणि त्यामागं गरिबी, दारू, कामाची हलाखी आहेच. पण तूही सोयाबीनच्या रानात जातेस. मालकीण पाणी वरून ओतत असेल, मुकादम तोंडाला येईल ते बोलत असेल. तू घरी येऊन कुणाला मारतेस? हे मंडळाच्या माणसांना विचार. मला आजवर याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

हवालदाराचं 'तुमच्या वस्तीत रोजचंच' हे वाक्यही त्याच कुळातलं आहे. एक म्हणतो बाहेर सांगू नको, दुसरा म्हणतो सांगून काय उपयोग, आणि दोघांच्या मध्ये तू अर्ध्या रात्री रस्त्यावर. कायद्याच्या भाषेत त्यानं काय चूक केली ते समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी तुला बोलता येईल. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्हा. त्यात पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत. पण नवऱ्यानं केलेला छळ पूर्वी 498अ खाली यायचा, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये येतो, आणि बायकोनं स्वतः सांगितलं तर तो दखलपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हाड मोडणं ही तर कायद्यानं गंभीर दुखापत, तीही दखलपात्र. म्हणजे तुझं मनगट आणि तुझा गळा, दोन्ही एनसीच्या चिठ्ठीत मावणारे नव्हते. ती चिठ्ठी मात्र जपून ठेव. तू त्या तारखेला ठाण्यात गेली होतीस, याचा तो पुरावा आहे.

ठाण्यानं एफआयआर घेतला नाही, तर सगळं कागदावर लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येतं. पोचपावती सांभाळायची. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडं जाता येतं. ठाण्यात एकटी जाऊ नकोस. पोलिसांच्या आवारात बऱ्याच ठिकाणी 'महिला व मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष' असतो; टाटा समाजविज्ञान संस्थेनं तो 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केला आणि मग राज्यभर पसरला. तिथल्या कार्यकर्त्या पोलीस नसतात, समाजकार्य शिकलेल्या असतात. 181 या महिला हेल्पलाइनला फोन केलास तर जवळचा कक्ष किंवा सखी केंद्र, म्हणजे मार खाणाऱ्या बायांना तात्पुरता आसरा आणि मदत देणारं सरकारी केंद्र, कुठं आहे ते सांगतील. फोन नवरा तपासत असेल तर नंबर पुसून टाक, किंवा शाळेतून, रानातल्या मैत्रिणीच्या फोनवरून लाव.

आणि एक खरं सांगून ठेवते, नाहीतर पुढं निराश होशील. कलम 85 चा गुन्हा नोंदला म्हणून त्याच दिवशी नवऱ्याला आत टाकतात असं समजू नकोस. सुप्रीम कोर्टानं 2014 पासून अशा गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका असं बजावलं आहे. बहुतेकदा नोटीस देऊन बोलावतात. म्हणजे गुन्हा नोंदवून तू घरी येशील तेव्हा तोही घरीच असू शकतो, आणि चिडलेला असेल. म्हणून मी तुला पहिलं पाऊल ठाण्याकडं टाकायला सांगत नाही.

ॲट्रॉसिटीचं आधी निकालात काढू. तो 1989 चा कायदा अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या माणसानं केलेल्या अत्याचारासाठी आहे. तुझा नवरा आपल्यातलाच, त्यामुळं त्याच्यावर तो लागत नाही. आंतरजातीय लग्न असतं आणि सासरचे जातीवरून शिव्या देत असते, तर गोष्ट वेगळी होती. तुला हा सल्ला देणाऱ्याचं मन चांगलं असेल, पण त्या वाटेनं गेलीस तर सहा महिने फुकट जातील.

तुझ्या कामाचा कायदा वेगळाच आहे आणि तो वस्तीत फार कमी जणींना माहीत असतो: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005. यात नवऱ्याला तुरुंगात घालणं हा पहिला हेतू नाही. मार थांबवणं, तुला घरात ठेवणं, तुझ्या हातात पैसे देणं, पोरं तुझ्याजवळ ठेवणं, यासाठी तो आहे. घटस्फोट मागावा लागत नाही. विहारात लग्न झालं आणि नोंदणी नाही म्हणून अडत नाही. पत्रिका, फोटो, रेशनकार्ड, पोरांचे दाखले चालतात.

सुरुवात संरक्षण अधिकाऱ्यापासून कर. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारलंस तर तुमच्या तालुक्याचं नाव मिळेल. तो किंवा ती तुझ्याकडून ऐकून 'कौटुंबिक घटना अहवाल' भरते. तिथं बसल्यावर घाई करू नकोस. 'नवरा मारतो' एवढ्यावर थांबू नकोस. दिवाळीच्या आधीचं मनगट, गळा, बैठक, एनसी, पगार काढून घेणं, शिव्या, सगळं सणांच्या आणि सुगीच्या हिशोबानं सांग. तारीख आठवत नसेल तर 'सोयाबीन काढणीच्या आठवड्यात' हेही चालतं. दवाखान्यात 'पडले' म्हणून सांगितलंस, ते का सांगितलंस हेही त्यातच लिहायला लाव: नवरा शेजारी उभा होता का, सासूनं दटावलं होतं का. बायका असं सांगतात हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. प्लास्टरचा केसपेपर आणि एक्स-रेची फिल्म घरात असेल तर ती आजच उचलून ठेव.

तो अहवाल आणि अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडं जातो. वकिलाला पैसे द्यावे लागत नाहीत. तू बाई आहेस आणि अनुसूचित जातीची आहेस, यातलं एक कारणही मोफत वकिलासाठी पुरेसं आहे; उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो लागत नाही म्हणून सांग. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 ला फोन कर. कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात साठ दिवसांत निकाल लागलेला मी क्वचितच पाहिला. म्हणून वकिलाला सांगून पहिल्याच तारखेला अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागायचा, आणि गळ्याची गोष्ट अर्जाच्या वरच्या भागात आणायची, खाली लपवायची नाही. संरक्षणाचा आदेश निघाल्यावर त्यानं पुन्हा हात लावला तर तो स्वतंत्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, आणि अजामीनपात्र. मग हवालदाराला 'रोजचंच' म्हणून हात झटकता येत नाहीत. आदेशाची प्रत कोर्ट फुकट देतं. तिच्या चार झेरॉक्स काढून एक ठाण्यात दे.

घराबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण 'घर सासूच्या नावावर' हे तू मुद्दाम लिहिलंस, त्याअर्थी ते डोक्यात आहे. घर कुणाच्या नावावर आहे यावर तुझा राहण्याचा हक्क अवलंबून नाही. ज्या घरात तू नवऱ्याबरोबर नांदलीस ते तुमचं सामाईक घर, सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी. सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये हे स्पष्ट केलं. कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. सासूला मात्र बाहेर काढता येत नाही, कायद्यात तशी सोय बाईविरुद्ध ठेवलेलीच नाही. तुझी सासू कशी आहे ते तू लिहिलेलं नाहीस. ती मधे पडणारी असेल तर घरात राहूनच लढ. ती मार बघत चूल फुंकत बसणारी असेल, तर आधी माहेरी किंवा सखी केंद्रात जा आणि तिथून अर्ज कर. तू जिथं तात्पुरती राहशील तिथल्या कोर्टातही तो चालतो.

निघायचं ठरलं तर कागद आधी, कपडे नंतर. तुझं आधार, बँकेचं पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, पोरांचे जन्मदाखले. आणि एक गोष्ट जी घाईत सगळ्या विसरतात: पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी बापाकडचे पुरावे लागतात. नवऱ्याचा शाळा सोडल्याचा दाखला, त्याचा जातीचा दाखला आणि सासऱ्याचा किंवा आजेसासऱ्याचा 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा काही कागद सापडला तर त्याची झेरॉक्स काढून घे. उद्या मुलीची शिष्यवृत्ती अडली तर तो कागद मागायला तुला त्याच्याच दारात जावं लागेल. तुझा स्वतःचा दाखला माहेरच्या नावानं आहे, तो तसाच राहतो. हे सगळं एका पिशवीत घालून कुणा भरवशाच्या बाईच्या पेटीत ठेव, घरात नको.

लाडक्या बहिणीचे पैसे तुझ्या खात्यात येत असतील आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात असेल, तर बँकेत जाऊन कार्ड बंद कर आणि नवं माग. मजुरी रोख मिळते, तिच्यातलं शंभर-दोनशे बाजूला काढता येईल तेवढं काढ. शंभराच्या बाँडवर सोडचिठ्ठी किंवा 'माझी काही तक्रार नाही' असा कागद कुणी पुढं केला, अगदी विहारातल्या वडीलधाऱ्यांनी केला, तरी सही-अंगठा करू नकोस. घटस्फोट कोर्ट देतं, बाँडपेपर देत नाही. आपल्या बौद्ध लग्नांनाही 1955 चा हिंदू विवाह कायदाच लागतो.

त्या बैठकीविषयी मला एवढंच विचारायचं आहे: तू तिथं बसली होतीस की कोपऱ्यात उभी होतीस? बाया किती होत्या? त्यानं माफी मागितली ती कुणाची, तुझी की मंडळाची? पुन्हा बैठक लावायचा आग्रह झाला तर जरूर जा, पण आपल्या बाजूनं चार बाया घेऊन जा, आणि जे ठरेल ते लिहून त्यावर पंचांच्या सह्या घे: पुन्हा हात लावला तर आम्ही स्वतः तिच्याबरोबर ठाण्यात जाऊ. ज्यांना समाजाची अब्रू प्यारी आहे, त्यांनी सही करायला काय हरकत आहे? बघ कितीजण करतात. त्यावरून पुढं कुणाला हाक मारायची ते कळेल. मात्र बैठकीसाठी अर्ज थांबवू नकोस.

आईवर रागावू नकोस. धाकटीच्या लग्नाची भीती खरी आहे, स्थळं अशा गोष्टी विचारतात. पण तिला एकदा समोर बसवून गळ्याचं सांग. मला वाटतं तू तिलाही ते एका ओळीतच सांगितलं असशील. धाकटीलाही सांग. ती लग्नाची मुलगी आहे, तिला हे कळायलाच हवं. सरकारी पाहणी सांगते की मार खाणाऱ्या 100 बायांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम 14 असतात. तू ठाण्यात जाऊन आलीस, पत्र लिहिलंस. तेव्हा 'मला काही कळत नाही' हे तुझं म्हणणं मी मान्य करत नाही.

राहिली मुलगी. सात वर्षांची पोर शाळेत बोलायची थांबते तेव्हा ती घरातलं सगळं मोजत असते. तिच्या बाईंना भेट आणि आडपडदा न ठेवता सांग, घरी मारहाण होते म्हणून ती अशी झाली आहे. नाहीतर बाई तिला मठ्ठ समजतील आणि मागच्या बाकावर बसवतील. बाईंना हेही सांग की शाळा सुटल्यावर तुझ्याशिवाय किंवा तू सांगितलेल्या माणसाशिवाय कुणाबरोबर पाठवू नका. अर्जात पोरांचा तात्पुरता ताबा मागता येतो, तो मागच. आणि पोरीला सांग की भांडण सुरू झालं की मधे पडायचं नाही, भावाचा हात धरायचा आणि त्या ठरलेल्या म्हातारीच्या घरी पळायचं. दिवसाउजेडी एकदा तिला ती वाट चालून दाखव.